व्याह्यांचं नाव नातवाला

प्रश्न : मी नाशिकला राहते, वय ६४. मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी तिने ऑफिसमधल्या एका ग्रीक मुलाशी लग्न केलं. जावई गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याचं घर थेस्सालोनिकीचं. आता मुलीला सातवा महिना आहे. परवा फोनवर तिने सहज सांगितलं, "मुलगा झाला तर दिमित्रिस, मुलगी झाली तर दिमित्रा." सासऱ्यांचं नाव आहे म्हणे. त्यांच्यात पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव देतात. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर जागी होते. माझे यजमान दत्तात्रय दोन वर्षांपूर्वी गेले. नातू झाला तर दत्त नाव ठेवायचं असं मनात होतं. जाऊबाई म्हणतात, हे ख्रिस्ती संताचं नाव, म्हणजे पोरगं बाटलंच. धाकटे दीर म्हणतात, औषधाच्या बाटलीवरचं नाव वाटतं. मला तर ते धड म्हणताही येत नाही. मुलीशी बोलू की गप्प बसू? आणि या नावाला काही अर्थ तरी आहे का?
– एक होऊ घातलेली आजी, नाशिक

उत्तर :

ताई, आधी जाऊबाईंचा मुद्दा निकालात काढू. तो सोपा आहे, आणि तुम्हाला टोचलाही तोच असणार.

दिमित्रिस हे रोजच्या बोलण्यातलं रूप. कागदोपत्री दिमित्रिओस, आणि प्राचीन ग्रीक भाषेत देमेत्रिओस. अर्थ एवढाच, की देमेतेर देवीचा. आपल्याकडचा अंबादास किंवा रेणुकादास म्हणा ना. येशूच्या जन्माआधी काही शतकं हे नाव ग्रीक घरांत रुळलेलं होतं. ही देमेतेर धान्याची देवी. तिच्या नावाचा मागचा भाग 'मेतेर' म्हणजे आई, आणि तो शब्द आपल्या मातृ शब्दाची सख्खी बहीण. पुढच्या 'दे'वरून मात्र पंडितांचं भांडण अजून मिटलेलं नाही. कुणी माती म्हणतं, कुणी जव. माती धरली तर काळी आईच की! मुलीचं दिमित्रा हे नाव तर थेट देवीचंच, पुढे-मागे काही न लावता.

या देवीची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. तिची लेक पर्सेफोनी रानात फुलं वेचत होती. जमीन दुभंगली आणि पाताळाचा राजा तिला रथात घालून घेऊन गेला. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याविना शोधत फिरली. मग रागाने तिने जमिनीतून काही उगवूच दिलं नाही. माणसं उपाशी मरायला लागली, देवांचे नैवेद्य बंद झाले, तेव्हा कुठे देवांच्या राजाने लेकीला परत पाठवायचं कबूल केलं. पण लेकीने तिकडे डाळिंबाचा एक दाणा खाल्ला होता. म्हणून वर्षाचा एक तृतीयांश काळ तिला पाताळात जावं लागतं, आणि बाकीचा काळ ती आईकडे. लेक आली की शेतं हिरवी. तुमची लेक स्वतःच्या पायांनी गेली आणि रविवारी व्हिडिओ कॉल करते, हा फरक आहेच. तरी मला वाटतं, या नावातली आई ओळखायला तुम्हाला फार वेळ लागू नये.

अथेन्सजवळ एलेफ्सिना नावाचं गाव आहे, जुनं नाव एलेउसिस. देमेतेरचं मोठं ठाणं तिथलं. आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास तिथे तिचा गुप्त विधी चाले. आत काय होतं ते बाहेर बोलायची सक्त मनाई, आणि हजारो लोकांनी ती शतकानुशतकं पाळली. एका जुन्या ख्रिस्ती लेखकाने मात्र लिहून ठेवलंय, की शेवटी सगळे गप्प असताना धान्याचं एक कापलेलं कणीस दाखवत. घटावर उगवलेलं धान डोक्यात खोवणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

पुढे देवळं बंद झाली, सगळा देश ख्रिस्ती झाला. तरी त्याच गावात १८०१ साली काय घडलं बघा. शेताच्या कडेला एक मोडकी संगमरवरी मूर्ती होती, डोक्यावर टोपलीसारखं काहीतरी घेतलेल्या बाईची, आणि तिच्या गळ्यापर्यंत शेणखताचा ढीग. गावकरी तिला मानत. आपल्या शेतांना बरकत हिच्यामुळे, असा त्यांचा ठाम समज. क्लार्क नावाचा एक इंग्रज प्रवासी तुर्की अंमलदाराचा परवाना मिळवून ती न्यायला आला, तेव्हा गावाने विरोध केला: ही गेली तर पीक बुडेल. त्याने नेलीच. जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटलं. मूर्ती मात्र वाचली आणि आज केंब्रिजच्या संग्रहालयात उभी आहे. अभ्यासक म्हणतात, ती देवी नव्हेच, देवळाच्या दाराशी असलेल्या सेविकेची मूर्ती. गावाला त्याचं काय? खताचा ढीग घालून शेतीच्या देवीची पूजा करणारी माणसं मला तरी फार जवळची वाटतात.

आता संत. हो, दिमित्रिओस नावाचा संत आहे, आणि तो तुमच्या व्याह्यांच्याच गावचा. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, रोमन बादशहा ख्रिस्ती लोकांचा छळ करत होते तेव्हा, थेस्सालोनिकीत तो मारला गेला. पण त्याच्या आईबापांनी पाळण्यात जे नाव ठेवलं ते जुन्या देवीचंच होतं. बायबलमध्येसुद्धा एक देमेत्रिओस आहे. एफेसस शहरातला चांदीकाम करणारा सोनार. आर्तेमिस देवीचे चांदीचे देव्हारे विकून पोट भरणारा. ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉलच्या प्रवचनांनी धंदा बसेल म्हणून त्याने शहरात दंगल पेटवली. म्हणजे या नावाचा माणूस ख्रिस्ती धर्मासाठी मेलाही आहे आणि त्या धर्माविरुद्ध मोर्चा घेऊनही गेला आहे. नावाने कुणी बाटत नाही, जाऊबाईंना सांगा. बाप्तिस्मा करायचा की नाही हा वेगळा प्रश्न, आणि तो त्या दोघांचा. ग्रीसमध्येसुद्धा हल्ली नुसती सरकारदरबारी नोंद करून नाव ठेवता येतं.

तुमच्या व्याह्यांना हे नाव एवढं का हवं असेल ते समजून घ्या. थेस्सालोनिकीत दिमित्रिस असणं म्हणजे नुसतं नाव असणं नव्हे. गावच्या मधोमध त्या संताचं मोठं चर्च आहे. १९१७ च्या ऑगस्टमध्ये शहराला आग लागली, त्यात ते जळालं. दगड न् दगड जमवून पुन्हा उभं करायला १९४९ उजाडलं. आत सातव्या शतकातल्या रंगीत काचतुकड्यांच्या चित्रांपैकी काही अजून आहेत. संताचा दिवस २६ ऑक्टोबर, आणि १९१२ साली तुर्कांकडून शहर ग्रीकांच्या हाती आलं तेही त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नेमकं २६ ऑक्टोबरलाच. म्हणजे ग्रामदैवताची जत्रा आणि गावाचा स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी.

आणि संत झाला तरी नावाची शेतीशी जुळलेली नाळ तुटली नाही, हे मला सगळ्यांत आवडतं. मेंढपाळ एप्रिलमधल्या सेंट जॉर्जच्या दिवशी कळप घेऊन डोंगरावर चढायचे आणि सेंट दिमित्रिओसला खाली उतरायचे. खंड, मजुरी, सालदारांचे करार या दोन दिवसांच्या मापाने चालायचे. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरवतात, तसंच. नव्या वाइनची पिंपंही याच दिवशी उघडत. ऑक्टोबरच्या अखेरीस चार दिवस परत ऊन तापतं, त्याला तिकडे 'संत दिमित्रिओसचा छोटा उन्हाळा' म्हणतात. आपल्या ऑक्टोबर हीटला कुणी असं प्रेमाचं नाव ठेवलेलं नाही.

आजोबांचं नाव नातवाला देणं हे तर आपल्यालाही नवं नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांचं पाळण्यातलं नाव आजोबांचंच, शिवाजी. फक्त आपल्याकडे पंचाईत अशी व्हायची की सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग पाळण्यात नाव गोविंद आणि घरभर हाक अप्पा, नाना नाहीतर बाळ. ग्रीकांची पंचाईत वेगळी. आजोबा दिमित्रिस, त्यांना चार मुलगे, म्हणून चार चुलतभाऊ, सगळे दिमित्रिस. त्यातून वाट काढायला एक मित्सोस, एक मिमिस, एक ताकिस. परदेशात गेला तो जिमी.

म्हणायची भीती सोडून द्या. 'ड' तर अजिबात नको. ग्रीक लोक ते अक्षर जिभेचं टोक दातांना हलकेच लावून म्हणतात, आपला 'द' त्याच्या बराच जवळ जातो. जोर 'मि'वर द्या, दि-मी-त्रिस. मुलगी झाली तर जोर पहिल्या अक्षरावर, दी-मित्रा. आणि गंमत म्हणजे हाक मारताना शेवटचा 'स' गळतो, नुसतं "दिमित्री!" शाळेत संस्कृत होतं ना? एरवी रामः, पण हाक मारताना "हे राम". अगदी तसंच. मराठी तोंडाला यापेक्षा अवघड नावं आपण स्वतःच्याच पोरांना ठेवतो हल्ली.

धाकट्या दिरांसाठी दोन-चार माणसं सांगते, पुढच्या वेळी औषधाची बाटली निघाली की वापरा. इसवी सनापूर्वी ३०५ साली देमेत्रिओस नावाच्या एका सेनापतीने ऱ्होड्स बेटाला वेढा घातला. पुढे तो मॅसिडोनियाचा राजाही झाला. नऊ मजली चाकांचा बुरूज वगैरे घेऊन आला, वर्षभर झुंजला, आणि शहर काही पडलं नाही. जाताना टाकून दिलेली यंत्रं ऱ्होड्सच्या लोकांनी विकली आणि त्या पैशांतून सूर्यदेवाचा अवाढव्य पुतळा उभारला, तोच जगातल्या सात आश्चर्यांतला. अथेन्समध्ये १८९६ साली पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं तेव्हा ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष दिमित्रिओस विकेलास. रशियात या नावाचं दिमित्री झालं. संगीतकार शोस्ताकोविचचं नाव यारोस्लाव ठेवायचं घरात ठरलं होतं, पण आलेल्या पाद्र्याने बापाचंच दिमित्री नाव गळी उतरवलं, अशी कथा सांगतात. म्हणजे नावावरून तिऱ्हाइताने नाक खुपसणं सगळीकडचंच.

दिरांचं तोंड बंद करायचं तर मेंडेलेएव काढा. दिमित्री मेंडेलेएव, १८६९ साली मूलद्रव्यांचा तक्ता मांडणारा. तक्त्यात काही घरं रिकामी होती. इथे बसणारी मूलद्रव्यं अजून सापडायची आहेत, असं तो छातीठोक म्हणाला आणि त्यांना तात्पुरती नावं दिली. ती नावं कशी? एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन. हा 'एक' संस्कृतातला, आपलाच. ॲल्युमिनियमच्या खालचं पहिलं घर, म्हणून एक-ॲल्युमिनियम. १८७५ मध्ये ते खरंच सापडलं. आज त्याला गॅलियम म्हणतात.

पण माझा लाडका दिमित्रिओस यांपैकी कुणीच नाही. दिमित्रिओस गलानोस, जन्म अथेन्सचा, १७६० चा. १७८६ मध्ये तो कलकत्त्याला आला, तिथल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला. शिकवता शिकवता स्वतःच संस्कृतच्या नादी लागला. १७९३ मध्ये मास्तरकी सोडून काशीला गेला आणि पंडितांत पंडितांसारखा चाळीस वर्षं राहिला. भर्तृहरी ग्रीकमध्ये नेला, गीता ग्रीकमध्ये नेली. १८३३ मध्ये काशीतच वारला. ही भाषांतरं पुढे अथेन्समध्ये छापली गेली. व्याह्यांशी बोलायला विषय हवा ना? हा घ्या. त्यांच्या भाषेत गीता नेणारा त्यांचाच नामबंधू आहे.

आता दत्तात्रयरावांकडे येते.

तुमच्या घरातून पांडवलेण्याचा डोंगर दिसत असेल. तिथलं सतरा नंबरचं लेणं कधी बघितलंय? हत्तींवर माणसं बसलेले खांब आहेत ते. त्याच्या व्हरांड्यात एक ब्राह्मी शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. लेणं कुणी कोरवलं ते त्यात लिहिलंय. उत्तरेकडचा, 'दातामिति' गावचा योणक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. योणक म्हणजे यवन, ग्रीक. आईवडिलांसाठी हे लेणं करवलं आणि सोबत मुलगा धम्मरक्षित होता, असंही तो सांगतो. हे दातामिति, म्हणजे दत्तामित्री, गाव कुठलं? तर देमेत्रिओस नावाच्या ग्रीक राजाच्या नावावरून वसवलेलं, असं बरेच अभ्यासक मानतात. हा राजा इसवी सनापूर्वी २०० च्या सुमाराला बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागात होता. नाण्यांवर डोक्याला हत्तीच्या मस्तकाचं कातडं घालून मिरवतो. त्याचं नाव इथल्या जिभेवर आलं तेव्हा लोकांनी ते कानाला पटेल असं करून घेतलं, आणि त्यात आपसूक 'दत्त' आला.

एक विनंती. हे वाचून "दिमित्रिस मुळात आपलंच नाव, दत्तमित्र" असा मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकू नका. ते खरं नाही. नाव ग्रीकच आहे, इथल्या लोकांनी फक्त त्याला धोतर नेसवलं. व्याह्यांना तसं सांगितलंत तर ते हसून ऐकून घेतील आणि मनात दुखावतील.

तुम्ही विचारलंत, बोलू की गप्प बसू. बोला. पण नावाविरुद्ध बोलू नका. तुमच्या पत्रात जाऊबाई आहेत, दीर आहेत, उच्चार आहे, आणि या सगळ्यांच्या मध्ये एकच वाक्य यजमानांबद्दलचं. मुलीला तेवढं एकच सांगा: "मला तुझ्या बाबांचं नाव बाळात कुठेतरी हवं आहे." धर्म, नातेवाईक, उच्चार काही मध्ये आणू नका. ते आणलं की ती नवऱ्याची बाजू घेऊन भांडेल, आणि भांडावंच तिने. बाबा गेल्याचं दुःख तिलाही आहे. कदाचित "तुला वाईट वाटेल" म्हणून तिने विषय काढला नसेल, आणि तुम्ही "बरं" म्हणून फोन ठेवल्यावर तिला वाटलं असेल, सुटलो.

मागायचं काय, तर दुसरं नाव. जर्मनीत जन्मनोंदीत एकाहून जास्त नावं लावता येतात. दिमित्रिस दत्त. मोठ्याने म्हणून बघा, वाईट नाही वाटत. मुलगी झाली तर दिमित्रा दत्ता म्हणायचं की आणखी काही, ते तिघं मिळून ठरवा. आणि ते नको म्हणाले तर? तर बारसं तुमचं. नाशिकला आणा नाहीतर तुम्ही तिकडे जा, पण पाळणा बांधा. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या ग्रीक असणार. तिला "कुर्रर्र" शिकवा. त्यांच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचं नाव पुकारायचा मान धर्मपित्याचा असतो आणि तोवर कित्येक घरांत बाळाला नुसतं 'बेबिस' म्हणतात, त्यामुळे तिला हे लगेच उमजेल. आपल्याकडे पाळण्यातलं नाव एक आणि हाकेचं दुसरं असतंच. तुम्ही दत्तू म्हणून हाक मारलीत तर जर्मन सरकार काही अडवायला येत नाही.

बाळ झाल्याचा फोन आला की व्याह्यांना म्हणा, "ना सास झीसी." तुमचं बाळ उदंड जगो, असा अर्थ. आणि २६ ऑक्टोबरला त्यांना आधी फोन करा. तिकडे मोठ्या माणसांचा वाढदिवस एकवेळ विसरला तरी चालतो, नावाचा दिवस नाही. त्या दिवशी त्यांचं दार उघडं असतं, लोक मिठाईचे खोके घेऊन न बोलावता येतात. म्हणायचं "ख्रोनिया पोल्ला", पुष्कळ वर्षं जगा. पहिल्यांदा चुकाल, पण नाशिकहून विहीणबाईंनी आठवण ठेवली हे ते गावभर सांगतील.

त्याआधी एका सकाळी भाच्याबिच्याला घेऊन पांडवलेण्यावर जाऊन या. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे बोलत असतील तर अर्ध्यावर बसा. लेखाचा फोटो काढून व्याह्यांना पाठवा आणि खाली लिहा, तुमच्याकडचा एक पाहुणा आमच्या गावी आधीच येऊन गेलाय. काढताना टॉर्च समोरून धरू नका, बाजूने तिरपी धरायला सांगा. समोरून सगळी भिंत सपाट दिसते, तिरप्या उजेडात अक्षरं वर येतात.